आधी आतलं काढून घेऊ
खोडरबराचा वास आला की मला अहमदपूरच्या आमच्या शाळेतली एक दुपार आठवते. दहावीतल्या एका मुलीला दिसत नव्हतं. तिच्यासाठी आम्ही शिक्षकांनी सगळे धडे मोठ्याने वाचून तळहाताएवढ्या एका लिनक्स कॉम्प्युटरच्या मेमरी कार्डावर भरून ठेवले होते, आणि परीक्षा तोंडावर आली असताना तो कॉम्प्युटर सुरूच होईना. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "कार्ड फॉरमॅट मारून टाका की, सगळं पुसून नव्याने सुरू होईल." विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "न्हाई, आधी आतलं काढून घेऊ. दुरुस्ती मग." त्यांनी चार्जर बदलून पाहिला, तरी तो सुरू होईना. मग नखाएवढं एसडी कार्ड बाहेर काढलं, त्याच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि ते लॅपटॉपला लावलं. "मरायला टेकलेल्या कार्डावर काही लिहायचं न्हाई, नुसतं वाचायचं," त्या मला म्हणाल्या. कॉपी अडली की तेवढा भाग सोडून पुढे जायच्या आणि नंतर पुन्हा मागे यायच्या. जवळजवळ सगळे धडे सुखरूप निघाले, इतिहासाचे काही धडे तेवढे गेले. मग मॅडमनी पुस्तक उघडलं, रेकॉर्डिंगमध्ये खरखर नको म्हणून पंखा बंद केला आणि घामाने निथळत ते धडे स्वतः वाचून नव्या कार्डावर भरले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, "मॅडम, इतिहास लई छान झालाय, पण तुमचा घसा बसलाय. गरम पाणी घ्या." मॅडम खळखळून हसल्या. ते धडे मी तेव्हाच माझ्याकडेही कॉपी करून घेतले, आणि एखादं काम वैतागून सोडून द्यावंसं वाटलं की आजही मी मॅडमचा तो बसलेला आवाज लावून ऐकतो.