अख्ख्या गाण्याचा कार्यक्रम

माझा धाकटा भाऊ विलास गेला तो सकाळी, हिरावाडीच्या कोपऱ्यावर, ओझरच्या कारखान्याच्या बसची वाट बघताना. अंगात कामावरचा निळा शर्ट, हातात डबा. शेजारच्या माणसाला "आज बस लेट दिसतेय" म्हणाला, खाली बसला, तो उठलाच नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. त्याला जाऊन महिना उलटून गेला, आणि या महिन्यात मला भेटलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाची समजूत अशी की तो अंथरुणाला खिळून, खंगत खंगत गेला. भेटायला आलेल्या एका बाईंनी तर चप्पल काढता काढताच विचारलं, "टीव्हीवर कॉटवर झोपलेले दाखवले होते, तेच ना हे?" माझ्या डोक्यात जी सणक गेली ती अजून उतरलेली नाही. माझी भावजय शैला डोळ्यांनी 'जाऊ द्या' म्हणत होती म्हणून मी तेव्हा गप्प बसले. इथं बसणार नाही.

विलासला गाता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याकडे माणूस मेला की लगेच सुरेल होतो. लहानपणी आरतीला उभा राहिला की हा भलतीकडेच जायचा, मग आई त्याच्या हातात घंटा देऊन त्याचं तोंड बंद करायची. पण ऐकायचा मात्र जिवाचा कान करून. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली, दिवसभर गाणीच गाणी लागायला लागली, तेव्हा आम्ही सगळे खूश आणि हा एकटा वैतागलेला. मुखडा झाला, एक अंतरा झाला, की आली साबणाची जाहिरात. "ताई, पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि मधल्या भातावरून हात धरून उठवायचं, तसं आहे हे," असं म्हणून तो खरोखरच भांडल्यासारखा टीव्हीकडे बघायचा.

मग त्यानं स्वतःचाच कार्यक्रम रचायला घेतला. मनातल्या मनात. कारखान्यात फिटर होता, त्यामुळे जाता-येता बसमध्ये जो शेजारी सापडेल त्याला तो ऐकवायचा. रविवारी मी सापडायचे. नाव ठरलेलं, 'अख्खं गाणं'. त्यात निवेदक नाही, परीक्षक नाहीत, मागं नाचणाऱ्या मुली नाहीत. खाली गाणाऱ्याचं नाव आणि गाव, बास. कडवी पाच असोत नाहीतर पंधरा, सगळी व्हायची. आणि त्याचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे गाणं संपल्यावर कुणी टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही. कॅमेरा तसाच ठेवायचा, गाणारा घाम पुसेपर्यंत, पाणी पिईपर्यंत, स्वतःहून उठेपर्यंत. "गाणं संपलं की लगेच संपत नाही गं, थोडा वेळ राहतं ते खोलीत. आपण त्याला हुसकावतो," म्हणायचा. मी विचारलं, "आणि हे बघणार कोण रे?" तर म्हणे, "मी." "एकटाच?" "तू पण बघशील. शिव्या देत बघशील... पण बघशील."

एकदा त्याच्या या वेडाला वाट मिळाली. आमच्या भागातल्या केबलवाल्यानं रविवार सकाळचा अर्धा तास देऊ केला. विलासनं लग्नाचं शूटिंग करणारा एक मित्र गाठला आणि दोघं चांदवडच्या बाजूला कांदे साठवायच्या एका चाळीवर गेले. तिथं कांदे निवडताना बाया गायच्या, त्यांतल्या सरूबाईंचा आवाज त्यानं कधीतरी ऐकला होता. "अख्खं म्हनू? लय लांब हाय, दादा. तुमची क्याशेट संपंल," त्या म्हणाल्या. हा म्हणाला, "संपू दे." सासरी वाट बघणाऱ्या बहिणीचं गाणं होतं ते. भाऊ न्यायला येतो, पण अगदी शेवटच्या कडव्यात. रविवारी सगळी गल्ली विलासच्या घरात. तिसऱ्या कडव्याला सरूबाईंच्या हनुवटीवरून साड्यांच्या सेलची पट्टी सरकायला लागली, आणि चौथं सुरू होता होता गाणं तुटलं आणि मारामारीचा सिनेमा लागला. भाऊ अजून वाटेतच. विलास तसाच स्लीपर घालून केबलवाल्याकडे गेला. तो म्हणाला, "अहो विलासराव, लोकं बोअर होतात. आणि कांदे निवडणारी बाई ती, तिचं काय एवढं!" विलास कॅसेट काखेत मारून परत आला. पुढच्या रविवारी घरचा व्हीसीआर पिशवीत घालून एसटीनं चांदवडला गेला, तिथल्या कुणाच्या तरी टीव्हीला जोडून त्या बायांना ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवून आला. त्याच्या कार्यक्रमाचा एवढाच एक भाग झाला. केबलवाल्याचा मात्र पुढं बंगला झाला.

त्याच्या मुलीला, मुक्ताला, गळा कुठून आला कुणास ठाऊक. बापाकडून नक्कीच नाही. पुढं गाण्यांच्या स्पर्धांचं पीक आलं आणि मुक्ता त्यातल्या एकीत पोचली. मग मुंबईहून तिघं जण 'घरचं शूटिंग' करायला आले. त्या वर्षी विलासची अँजिओप्लास्टी झाली होती, पण तो ठणठणीत होऊन कामावर रुजूही झाला होता. त्यांना ते कळलं आणि त्यांचे चेहरे उजळले. मी तिथं होते, मी पाहिलंय. हॉलमधला सोफा त्यांना फार सुखवस्तू वाटला, म्हणून तो गॅलरीत ढकलला. घरात कॉट नव्हती, तर शेजारच्या देशमुखकाकूंकडून लोखंडी कॉट आणवली. "काका, शर्ट काढा ना, बनियनवर बसा. नाही, झोपाच. थोडं वीक वाटलं पाहिजे," त्यांच्यातला एक जण म्हणाला. शैलाच्या हातात औषधाची बाटली दिली. बाटली खोकल्याची होती!

मी कडाडले, "विलास, ऊठ तिथून! मरायला टेकलायस का तू?" मुक्ता रडवेली होऊन म्हणाली, "आत्या, सगळ्यांचंच काही ना काही दाखवतात. नाहीतर पुढं घेत नाहीत." आणि ज्यानं आयुष्यभर टीव्हीशी भांडण मांडलं, तो माझा भाऊ बनियनवर त्या कॉटवर आडवा झाला. मला म्हणाला, "ताई, गाणं तिचं आहे. मला फक्त झोपायचंय." मी तरातरा बाहेर गॅलरीत जाऊन सोफ्यावर बसले. आतून त्याचा खोटा खोकला ऐकू येत होता. तो त्याला नीट जमतही नव्हता, तीन वेळा करायला लावला.

प्रत्यक्ष कार्यक्रमात विलासचा खोकला मुक्ताच्या गाण्यापेक्षा जास्त वेळ चालला. तिच्या वाट्याला मुखडा आणि एक अंतरा. मग एक परीक्षक रडले, दुसऱ्यांनी त्यांना रुमाल दिला, आणि खाली 'एसेमेस करा' आलं. पुढच्याच फेरीत मुक्ता बाहेर. पण कॉट राहिली लोकांच्या लक्षात! पुढं दोन वर्षं हा माणूस रोज बस पकडून ओझरला जात होता, तरी भाजीबाजारात लोक थांबवून विचारायचे, "आता बरं आहे का?" तो हसून "बरं आहे" म्हणायचा. मला तो हसायचा त्याचाच राग यायचा.

आणि तेराव्यानंतर त्या शूटिंगवाल्या लोकांचा फोन आला. मुक्तानं स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलत होती. बाबांच्या आठवणीत एक स्पेशल भाग करायचाय, म्हणे. "आणि ताई, ती कॉट आहे का हो अजून? रिकाम्या कॉटशेजारी बसून तुम्ही मुखडा गायलात तर खूप टच होईल." मी फोन हिसकावणार होते. मुक्तानं हात आडवा केला आणि शांतपणे विचारलं, "गाणं अख्खं घ्याल?" पलीकडे जरा... कुजबुज झाली. "दीड मिनिटाच्या वर नाही जमणार, ताई." "मग राहू द्या," मुक्ता म्हणाली आणि फोन ठेवला.

फोन ठेवला तशी ती तिथंच जमिनीवर बसली आणि स्पर्धेत तुटलेलं तेच गाणं तिनं म्हटलं, सगळी कडवी, मधे एकदा आवाज फुटला तरी न थांबता. शैला भिंतीला टेकून ऐकत होती. देशमुखकाकू भाकऱ्या द्यायला आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. शेवटची ओळ झाली. मुक्ता खाली मान घालून बसली होती, तिनं अजून डोळेही पुसले नव्हते, आणि काकूंनी कौतुकानं टाळ्यांसाठी हात उचलले. मी झेप घालून ते दोन्ही हात धरले, मुक्ता पाण्यासाठी उठेपर्यंत सोडले नाहीत. जरा जास्तच घट्ट धरले असणार, कारण त्यांची एक बांगडी पिचली. काकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी अजून माफी मागितलेली नाही.