विमान रद्द झालं त्या शुक्रवारी

आमच्याकडे विमान म्हणजे नागपूर. चंद्रपूरहून तीन-साडेतीन तास उत्तरेला जायचं आणि तिथून हवं तिथं उडायचं, मग ते ठिकाण दक्षिणेला का असेना. मुलीचं जर्मनीचं विमान हैदराबादहून होतं. हैदराबाद आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरपासून दक्षिणेला. तरी आम्ही नागपूर ते हैदराबाद असं वेगळं तिकीट काढलं, म्हणजे आधी वर जायचं आणि मग आपल्याच घरावरून उडत खाली यायचं. या द्राविडी प्राणायामाला कारण माझी आई. नातीला विमानात बसताना पाहायचंच, असं तिनं धरून ठेवलं होतं, आणि हैदराबादपर्यंतचा प्रवास तिला झेपणारा नव्हता. प्रवाशाशिवाय कुणाला आत सोडत नाहीत हे मी तिला दोनदा सांगितलं.

"काचातून तं दिसन?" ती म्हणाली. मग मी तिकीट काढून टाकलं.

मुलगी मातीवर संशोधन करते. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत तिला दोन वर्षांची जागा मिळाली होती, आणि सोमवारी तिथं हजर राहून सही करायची होती. नाही केली तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. पत्रात तसं सरळ लिहिलं होतं. शनिवारी दुपारी नागपूर, संध्याकाळी हैदराबाद, मध्यरात्रीनंतर जर्मनी असा बेत होता. धानोऱ्याकडच्या आमच्या गावाहून नातेवाईक गुरुवारीच येऊन उतरले होते. नागपूरला जायला दोन जीपा ठरल्या होत्या. शेजारच्यांकडून काटा आणून बॅगा तोलून झाल्या होत्या, आणि आईनं घातलेलं लाखोळीच्या डाळीचं पीठ तीन वेळा बाहेर निघून तीन वेळा आत गेलं होतं.

त्याच आठवड्यात देशभर विमानं रद्द व्हायला लागली. टीव्हीवर तेच. माणसं बॅगांवर डोकं ठेवून झोपलेली, कुणी काउंटरवर ओरडतंय, कुणी लहान मूल खांद्यावर घेऊन नुसतंच उभं. बायको दर तासाला मोबाईलवर आमच्या विमानाची स्थिती पाहायची आणि ते 'वेळेवर' असल्याचं मोठ्यानं वाचून दाखवायची. वैमानिक कमी पडले म्हणून हे होतंय, असं मी सांगितलं तर आई म्हणाली, "मंग भाड्यानं आना म्हना. ट्रॅक्टरले नाई का आनत डायवर?"

मला स्वतःला काही वाटत नव्हतं, किंवा तसं मी समजत होतो. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये माझी तीस वर्षं गेली. एक युनिट ट्रिप होऊन बंद पडलं की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, दुसरं दमलं की तिसऱ्यावर. विमानांचं तेच चाललं होतं. असा प्रसंग आला की पहिला नियम एकच, आधी बघायचं, कशाला हात लावायचा नाही. हूटर वाजत असताना मी चहाचा कप खाली न ठेवता पॅनल वाचलेलं आहे. माझ्या या शांतपणाचं घरात आणि खात्यात बरंच कौतुक आहे. ते कौतुक सगळंच खरं नाही, हे त्या शुक्रवारी मला कळलं.

शुक्रवारी सकाळी सहाला मेसेज आला. शनिवारचं विमान रद्द. पैसे परत घ्या, नाहीतर मंगळवारच्या विमानात जागा देतो.

मी तो मेसेज वाचला आणि मला बरं वाटलं. घोळवून सांगण्यात अर्थ नाही, बरंच वाटलं. एकुलती एक मुलगी. ती दूर जाणार याचा मला अभिमान होता आणि तो मी चारचौघांत मिरवलाही होता. पण ती जाऊ नये असंही मला वाटत होतं, आणि ते मी कुणालाच, स्वतःलाही, सांगितलं नव्हतं. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं.

मी घरात जाऊन सगळ्यांना बातमी दिली. त्यानंतर विमान कंपनीचे मेसेज एकामागून एक यायला लागले. क्षमस्व, गैरसोयीबद्दल क्षमस्व, पुन्हा क्षमस्व. मी मोबाईल सायलेंटवर टाकला आणि टीव्हीमागे ठेवून दिला.

बायकोनं हेल्पलाइन लावली. तिकडून सनईसारखं काहीतरी वाजायचं आणि मधूनच एक बाई तुमचा कॉल महत्त्वाचा आहे म्हणायची. जीपवाल्याला हैदराबादला येतोस का विचारलं, तर परराज्याचं परमिट नाही म्हणून त्यानं हात वर केले. लग्नसराई होती, दुसऱ्या गाड्या वऱ्हाडात अडकलेल्या. मग सगळे रेल्वेच्या मागे लागले. पण विमान नागपूरचं होतं म्हणून गाडीही नागपूरहूनच शोधत होते. नागपूर ते हैदराबाद, नागपूर ते सिकंदराबाद. सगळीकडे वेटिंग, कारण विमानांची माणसं गाड्यांवर येऊन पडली होती. सकाळपासून अख्खं घर नागपूर या एका शब्दात अडकून बसलं.

मला मात्र बल्लारशाहची गाडी माहीत होती. बल्लारशाह आमच्यापासून पाऊण तासावर. तिथूनच सुटणारी एक गाडी सकाळी निघते आणि दुपारी सिकंदराबादला टेकते. नागपूरशी तिचा संबंध नाही, म्हणून नागपूर टाकून शोधणाऱ्याला ती दिसत नाही. आमच्या शिफ्टमधले तेलंगणाचे दोघं सुटीला तिनंच घरी जातात. आदल्या दिवशीसुद्धा जागा मिळते म्हणतात.

सकाळी सातला ही गाडी मला आठवली. मी बोललो नाही.

आधी म्हटलं, बायकोचा फोन लागू दे. मग म्हटलं, सगळे जेवून घेऊ देत. कारणं शोधायला लागलं की कमी पडत नाहीत. मी खुर्चीत बसून राहिलो. बायको एका नातेवाइकाला म्हणाली, "याईचं बरं आहे, काईबी झालं तरी डोकं थंड." चोराच्या मनात चांदणं, तसं मला वाटलं की ती टोमणा मारतेय. ती मनापासून म्हणत होती.

मुलगी बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसली होती. रडली नाही, चिडली नाही. अकराच्या सुमारास आत आली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, तुमाले काय वाटते? काय कराचं?"

"पाहू," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि परत बाल्कनीत गेली.

हा 'पाहू' माझा नव्हे. तो माझ्या वडिलांचा. मी बावीस वर्षांचा असताना भुसावळच्या एका सरकारी कार्यालयातून मला नोकरीचं पत्र आलं होतं. ऐन पावसाळा होता. गावाबाहेरच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता, पलीकडे जायचं तर डोंगा. मला ताप होता, म्हणून वडील नदीवर पाहून यायचे आणि सांगायचे, "डोंगा बंद हाय. पाहू उद्या." असे तीन दिवस गेले, हजर व्हायची तारीख गेली. पुढच्या वर्षी मला वीज केंद्रात नोकरी लागली. घरापासून दोन-अडीच तासांवर, म्हणजे बापाच्या नजरेच्या टप्प्यात. वडील गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो डोंगेवाला आला होता. म्हातारा झाला होता. जेवताना सहज म्हणाला, "त्या तिन्ही दिवस डोंगा चालू होता, भाऊ. तुया बापच सांगे, पोरगा जात नाई म्हून."

वडिलांना विचारायची सोय राहिली नव्हती. रागही फारसा आला नाही, नोकरी चांगली चालली होती, संसार झाला होता. ही गोष्ट मी फक्त मुलीला सांगितली, ती कॉलेजात असताना, गंमत म्हणून. ती हसली नव्हती. "तुमाले राग नाई आला आजोबाचा?" एवढंच तिनं विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, "बाप होता."

त्या शुक्रवारी दुपारभर मी वडिलांचा विचार केला. ते वाईट नव्हते. नदीवर जाऊन, डोंगा चालू असलेला पाहून परत येताना त्यांना कसं वाटलं असेल, हे मला पहिल्यांदाच नीट कळलं. बहुतेक त्यांनाही बरं वाटलं असेल.

चारच्या सुमारास आई मोठ्या बॅगेजवळ जाऊन बसली. तिनं चेन उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. जवसाची चटणी, पापड, लाखोळीचं पीठ.

"राहू दे, आजी," मुलगी म्हणाली.

"खराब होऊन जाईन. नशिबातच नसन, बाई. राह्य इथीच, आमच्याजौळ."

"हो," मुलगी म्हणाली आणि पापड घ्यायला हात पुढे केला.

तिचं ते 'हो' मला सोसलं नाही. मीही बाविसाव्या वर्षी, तिसऱ्या दिवशी, असंच 'हो' म्हणालो होतो आणि पेटीतले कपडे पुन्हा वलणीवर टाकले होते.

"बल्लारशाहून एक गाडी आहे," मी म्हणालो. "उद्या सकाळी. तिथूनच सुटते."

बायको मोबाईल खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मुलीनं वर पाहिलं.

"हो का, बाबा? थांबा, पाह्यते."

ती आतल्या खोलीत गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "दोन सीटा आहेत. तुमी येता ना सोडाले?"

घरात एकदम गलका झाला. बायकोनं मला, आधी काऊन नाई सांगतलं, असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता चहा टाकायला गेली. आई पीठ पुन्हा बॅगेत घालायला लागली. एक नातेवाईक म्हणाला, "आखीर बापाचंच डोकं चालते." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

शनिवारी सकाळी फोटोंसमोर मेणबत्ती लावून आम्ही सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. नागपूरच्या जीपा बल्लारशाहला वळवल्या आणि अख्खी फौज फलाटावर उभी राहिली. आईनं डब्याच्या खिडकीच्या गजांतून नातीच्या तोंडावरून हात फिरवला. "बरं झालं विमान गेलं तं," ती म्हणाली. "काचातून असा हात लावता आला असता का?"

मुलीनं खिडकी मला दिली. गाडी वर्धा नदीच्या पुलावर आली तेव्हा मी ठरवलं की आता सांगायचं, मला कालच सकाळी सातला गाडी माहीत होती. पूल संपला. मग कापसाची शेतं लागली, पाट्या तेलुगू झाल्या, आम्ही डबा उघडून भाकरी खाल्ली. ती मला जर्मनीतल्या थंडीबद्दल सांगत होती आणि मी हो हो करत होतो. सिकंदराबाद आलं तरी मला सांगता आलं नाही. तीस वर्षांच्या शांतपणाचा तेवढा एक उपयोग झाला.

विमानतळाच्या दाराशी पोलीस तिकीट बघून एकेकाला आत सोडत होता. ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोन पावलं जाऊन ती वळली.

"बाबा, फोन सायलेंटवरून काढा आता. मेसेज पाह्यत जा."

"पाहतो," मी म्हणालो.

ती काचेपलीकडे गेली. मोठी बॅग ढकलताना थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. मी तिथंच रडलो. लोक बघत होते, बघू दिलं.

तिनं वेळेत सही केली. सोमवारी तिचा फोटो आला, अंगात मोठा कोट आणि हातात कागद. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, रविवारी सकाळच्या परतीच्या गाडीतलं. शेजारी कुणी नव्हतं. मी मोबाईल काढून सायलेंट बंद केला आणि दोन दिवसांचे मेसेज वाचायला घेतले. विमान कंपनीचे क्षमस्व मोजायचे सोडून दिले. त्यांच्या मधोमध रेल्वेचा एक मेसेज होता. रेल्वेचं खातं माझ्या नंबरवर आहे, घरात कुणीही तिकीट काढलं की मेसेज मला येतो. बल्लारशाह ते सिकंदराबाद, शनिवार. शुक्रवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी आलेला.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. सकाळी नऊ. मी बोललो चारला. अकराला ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली होती, काय कराचं विचारत होती, तेव्हा तिकीट तिच्याजवळ होतं.

डोंग्याची गोष्ट तिला माहीत होती. माझा 'पाहू' ऐकल्यावरही तिनं दुपारचे चार वाजेपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही.

मेसेजमध्ये शेवटी तिचं नाव होतं, आणि त्याच्यापुढे अधिक एक. तो एक मी.