टहाळ येते

आमच्या घरात आई ‘हो’ म्हणत नाही. हाक मारली तर ‘काय’ म्हणते, विचारलं तर मान हलवते. पाड्यावरच्या लोकांना त्याची सवय झाली आहे. मला नाही झाली.

भाताची रोपं टाकायच्या जागेवर आमच्याकडे फांद्या आणि पाला पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. त्यासाठी ऐनाच्या झाडावर चढून पाल्याची फांदी, म्हणजे टहाळ, तोडावी लागते. वरचा माणूस शेवटचा घाव घालायच्या आधी ओरडतो, “टहाळ येते!” खालचा बाजूला होतो आणि “हो” म्हणतो. उत्तर आल्याशिवाय वरचा घाव घालत नाही. माझा दादा घराजवळच्या ऐनावर चढला होता. त्याने हाक दिली, आईने खालून “हो” म्हटलं, आणि फांदीच्या आधी दादा खाली आला.

मी तेव्हा आश्रमशाळेत होते. हे मला आईनेच सांगितलं, एकदाच.

दादा गेल्यानंतर तो ऐन कुणी छाटला नाही. आसपासची छाटलेली झाडं बुटकी, गाठीगाठींची आहेत. हा एकटाच उंच गेला. वाऱ्यात त्याची एखादी फांदी कडकन वाजली की आई हातातलं काम थांबवून दाराकडे बघते. कुणीतरी हाक दिली आणि उत्तर द्यायचं राहिलं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसतं. मला कदाचित चुकीचं वाटत असेल. पण मीही मग दाराकडेच बघते.

यंदा वैशाखातल्या वाऱ्यात त्याची जाड फांदी मोडली. पूर्ण तुटली नाही, छपरावर लोंबत राहिली. माझे काका ठाण्याला बांधकामावर असतात. ते जीपने आले ते विजेवर चालणारी कटर मशीन घेऊनच. खोक्यात सगळे भाग सुटे होते.

“चल, कॉलेजवाली, वाच,” काकांनी पुस्तिका माझ्याकडे टाकली. “बीएस्सी काय भिंतीला टांगायला करते?”

मी जव्हारच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजी वाचते, पण ओळीखाली बोट ठेवून. घरातलं एखादं काम मी सांगेन तसं व्हायची ही पहिलीच वेळ होती, आणि तेही झाड कापायचं. प्लग कुठेही लावलेला नाही हे मी दोनदा बघितलं आणि तो मुठीत धरून बसले.

“प्लग काय पळून चालला?” काका हसले.

“असू दे,” मी म्हटलं.

माझ्या बाने कव्हर काढलं, लांब पोलादी पट्टी जागेवर बसवली आणि तिच्याभोवती साखळी घातली. साखळीचे दात त्याने वरच्या बाजूला स्वतःकडे वळवले होते.

“बा, उलटी झाली.”

“उलटी कशी? विळा आपल्याकडं ओढला तरच कापते ना?”

मी चित्र दाखवलं. वर दात टोकाकडे हवेत. साखळी टोकावरून वळली की तेच दात खालून आपल्याकडे येतात, आणि कापायचं खालच्याच बाजूने. बाने हातमोजा घालून साखळी सावकाश फिरवून बघितली.

“म्हणजे खालून विळाच हाये,” तो म्हणाला. “तुझंबी खरं, माझंबी.”

मग त्याने स्क्रू थोडा थोडा आवळला. साखळी पट्टीखाली लोंबता कामा नये, पण हाताने ओढली तर फिरली पाहिजे. सैल राहिली तर निसटून अंगावर येते. मी टाकीत साखळीचं तेल भरलं. बाने कव्हर घट्ट केलं, उठला आणि वर बघितलं.

“आता मी चढतो. वरूनच कापून टाकू.”

मी पुस्तिकेचं पान उलटून त्याच्यापुढे धरलं. शिडीवर एक माणूस उभा होता, हातात कटर, आणि सगळ्यावर लाल फुली. खाली लिहिलं होतं की पट्टीच्या टोकाला लाकूड लागलं तर मशीन उसळून तोंडावर येते. चित्रातल्या माणसाला चेहरा नव्हता.

आई दारातून कधी आली कळलं नाही.

“हा कोण?”

“कोणी नाही, आई. असं करू नये म्हणून दाखवलंय.”

“मग कोणी नाही कसं?”

बाने फुलीवर अंगठा ठेवला आणि म्हणाला, “दोर आण.”

सुतळीला दगड बांधून काकांनी ती फांदीवरून पलीकडे टाकली आणि सुतळीमागे दोर ओढून घेतला. शेजारची माणसं आली. आईला घरापासून लांब उभं केलं आणि सगळ्यांनी दुरून जोर लावला. काही कौलं फुटली, पण फांदी अंगणात आडवी झाली. माणसं बाजूला सरकली. आई फुटलेली कौलं वेचू लागली.

बाने वायर पाठीमागे सोडली, पाय फाकवून उभा राहिला आणि मुठीपुढचं आडवं कडं पुढे ढकलून साखळीला ब्रेक लावून ठेवला. मी विजेच्या बोर्डापाशी उभी होते. त्याने खूण केली की मी प्लग लावायचा असं ठरलं होतं. त्याने खूण केली नाही. जमिनीवरच्या फांदीकडे बघत तो ओरडला, “टहाळ येते!”

काकांना हसू आलं आणि तिथेच थांबलं. वरून काही यायचं नव्हतं. उत्तर मला देता आलं असतं, शेजाऱ्यांपैकी कुणालाही देता आलं असतं. कुणी दिलं नाही. बा तसाच वाकून थांबला. उत्तराशिवाय घाव घालायचा नाही, हे त्याच्या हातांना माहीत होतं. वर ऐन सळसळत होता.

आई कौलाचा तुकडा हातात घेऊन उभी राहिली. ती बाच्याकडे बघत नव्हती, वर बघत होती, फांदी मोडली त्याच्याही वर.

“हो,” ती म्हणाली.

बाचं बोट मशीनच्या खटक्यापासून लांब आहे हे मी बघितलं, आणि प्लग लावला.