त्या पायाला हात लावायचा नाही

सासूबाईंचे पाय मी पहिल्यांदा चेपले ते लोकांना दिसावं म्हणून. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. लग्नाला सात वर्षं झाली होती, मी वर्ध्याला शाळेत शिकवत होते, आणि देवळीजवळच्या आमच्या गावात माझ्याबद्दल एकमत होतं की शिकलेली सून आहे, तिच्याकडून सेवेची आशा धरू नका. म्हणून आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाईंना गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याच्याच दवाखान्यात भरती केलं, तेव्हा मी हट्टानं रजा काढली आणि त्यांच्या खाटेशी ठाण मांडलं. बघू दे गावाला, म्हटलं.

ऑपरेशन लगेच होणार नव्हतं. महिनोन्‌महिने अंगावरून जाऊन त्यांच्यात रक्तच उरलं नव्हतं. आधी रक्त भरून काढायचं, मग तारीख. डॉक्टरांनी आराम सांगितला होता आणि व्हरांड्यात थोडं फिरायलाही सांगितलं होतं. आम्ही त्यातला आराम तेवढा ऐकला. फिरलं की अंगावरून जास्त जाईल, हे आम्हा सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. शिवाय जन्मभर उन्हातान्हात राबलेल्या बाईला आजारपणात तरी पाय जमिनीला लावू देऊ नये, ही आमच्याकडची माया. तोंड धुणं, जेवण, सगळं खाटेवर. त्या उठायला लागल्या की मी वर्गात ओरडते तशी ओरडायची. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, “नशीब काढलं माय तुम्ही. सून जागची हलू देत नाई.” मला ते ऐकायला फार आवडायचं. असे अठरा-वीस दिवस गेले.

एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, “मास्तरीण, डावा पाय जड होऊन राह्यला व. झोपून झोपून आंबला वाटते.” त्या मला मास्तरीणच म्हणायच्या, निम्मं कौतुकानं, निम्मं खोचकपणे. मी पाहिलं तर पोटरी सुजून तट्ट झाली होती. मी घरून तिळाचं तेल आणलं, कोमट केलं आणि तीन दिवस रोज संध्याकाळी तो पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चांगला रगडून चेपला. “तुह्या हाताले गुन हाये,” त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी तो पाय लोकांसाठी चेपत नव्हते, हेही खरं आहे.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी पायाचा पंजा हळूच वर दाबला तशा सासूबाई कळवळल्या. डॉक्टरांनी पोटरीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि विचारलं, “तेल कोण लावतं?”

“मीच,” मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

ते मला व्हरांड्यात घेऊन गेले. “पायाच्या शिरेत रक्त गोठलंय,” ते म्हणाले. “पडून राहिलं की होतं असं. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर आमच्या हातात काही राहणार नाही. ऑपरेशन आता विसरा. त्या पायाला कोणी हात लावायचा नाही. आणि पेशंटला एवढं सगळं सांगू नका, त्या धास्ती घेतील.”

“मी तीन दिवस चेपलाय,” मी म्हटलं.

“झालं ते झालं. आता नको,” ते म्हणाले आणि आत गेले.

व्हरांड्यातल्या नळावर मी हात धुतले, पुसले आणि परत धुतले. मला भीती वाटत होती, आणि ती पोटात नव्हती, हातातच होती.

त्या दिवसापासून पाय उंच राहावेत म्हणून खाटेच्या पायथ्याखाली विटा आल्या. रक्त पातळ करायचं औषध द्यावं तर अंगावरून जाणं वाढणार, न द्यावं तर गाठ वाढणार, म्हणून डॉक्टर ते जपून जपून देत होते. रोज सकाळी सिस्टर टेप लावून पोटरी मोजायची आणि तिच्याआधी आकडा मी वाचायची. सासूबाई खोकल्या की मी हातातलं टाकून वळायची. शिंकल्या तर मी उभीच राहायची. त्यांचा डोळा लागला की पदर वरखाली होतोय ना हे बघत बसायची.

आणि भेटायला येणाऱ्यांचं काय करावं? आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस आधी पायथ्याशी टेकतो आणि बोलता बोलता पाय चेपायला घेतो, ती रीतच आहे. मी चादर ओढून पायथ्याशी बसून राहू लागले. कुणाचा हात पुढे आला की म्हणायची, डॉक्टरांनी मनाई केली आहे. “पाय चेपाले कोनता डाक्टर मना करते बाई?” असं म्हणून एक चुलतसासू माझ्याकडे अशी बघत राहिली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईही पहिल्या दिवशी हसून म्हणाल्या, “काऊन व मास्तरीण, तीनच दिवसात हात दुखले काय तुहे?” दुसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

माझे यजमान नागपूरला नोकरीला होते, रविवारी यायचे. त्यांना मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं होतं. “हे गाठीचं ताईला कळवू का?” त्यांनी विचारलं. ताई म्हणजे माझी नणंद, आर्वीकडे दिलेली. मी नको म्हटलं. ताई येऊन रडतील, आई ओळखतील, असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. ताईंना कळलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता की आधी पाय कोणी चेपला. सुनेनंच चेपून चेपून दुखणं वाढवलं, हे गावात गेलं असतं. मी सासूबाईंच्या जिवासाठी घाबरत होते, आणि माझ्या नावासाठीही.

त्याच आठवड्यात मी सकाळी आंघोळीला आणि डबा करायला घरी गेले होते. अकराच्या सुमारास परत आले तर ताई खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या. पहाटेच्या एसटीनं कोणाला न कळवता आल्या होत्या. बाजूला तेलाची वाटी, आणि दोन्ही अंगठ्यांनी त्या डावी पोटरी खालून वर जोर लावून चेपत होत्या. सासूबाईंनी डोळे मिटले होते. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा एवढा निवांत मी पाहिला नव्हता.

“ताई, हात काढा,” मी म्हटलं.

“काऊन? तुमच्यानं होत नाई, आन मलेबी करू देत नाई?”

मी त्यांचं मनगट धरून ओढलं. वाटी सांडली. अख्खा वॉर्ड बघत होता. ताई रडत उठल्या आणि दुपारच्या गाडीनं परत गेल्या. त्यांना दहा पावलांवर व्हरांड्यात नेऊन खरं सांगता आलं असतं. तेव्हाही मी सांगितलं नाही.

सिस्टरला मात्र सांगितलं. डॉक्टर येऊन तपासून गेले, लक्ष ठेवा म्हणाले. दुसरं काय सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला पाणी देत होते. सासूबाई म्हणाल्या, “जीव घाबरून राह्यला व.” आणि एकदम उठून बसल्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. डॉक्टर धावत आले तोवर ती पकड सैल झाली होती.

“गाठ आपली आपणही सुटते,” डॉक्टर मला नंतर म्हणाले. “कशानं सुटली हे कोणी सांगू शकत नाही.” त्यांनी ते दिलासा म्हणून सांगितलं असणार.

तेराव्याला घर भरलं होतं. ताई बायकांना सांगत होत्या, “वहिनीनं हात लावू देल्ला नाई, पन मायची शेवटची सेवा माह्या हातानं झाली. तेवढंच समाधान हाये.” सगळ्या माझ्याकडे वळल्या. दारात उभ्या यजमानांनी तोंड उघडलं. मी मानेनंच नको म्हटलं, तसे ते दारातून बाजूला झाले.

मग ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. राग होता, तरी आल्या. “मी गेल्यावर माय काई बोलली काय?” त्यांनी विचारलं.

बोलल्या होत्या. त्या संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या होत्या, “पोरीनं पाय हलका करून देल्ला.” माझ्या मनात आलं, पाय जड होता तोवर गाठ तिथंच होती. आता हलका झाला, तर ती गेली कुठे?

ताईंना मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळ्या होईपर्यंत रडल्या. आता म्हातारपणीही चारचौघांत त्या हे सांगतात, आणि म्हणतात, “खोटं वाटते तर इचारा वहिनीले.” मी हो म्हणते. माझ्या तीन दिवसांबद्दल त्यांना अजून ठाऊक नाही.