रस्त्यापलीकडची पाणपोई

माझं माहेर देगलूरचं. तिथं मला लहानपणापासून ‘चौकशीची खिडकी’ म्हणायचे. कोण कुठं चाललं, कशाला चाललं, हे विचारल्याशिवाय मला घास गोड लागत नसे. लग्नानंतर तरी ही खोड जाईल असं आईला वाटायचं. कसली जातेय! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या ह्यांची बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली. मला तिथंच एका प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि लेकीला मी माझ्याच शाळेत दुसरीत घातलं. शाळेसमोरून मोठा रस्ता जायचा. जिल्हा झाला म्हणजे काय झालं, ते आम्हाला त्या रस्त्यावरच दिसलं. साहेबांच्या जीपा, मोंढ्याच्या बाजारात माल नेणारे ट्रक, आणि दुष्काळ पडल्यापासून पाण्याचे टँकर. टँकरवाल्याला सावकाश जा म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण सगळं गाव त्याची वाट बघत असायचं.

अशा रस्त्यावर मधल्या सुट्टीत आमची पोरं धावत सुटायची. एका दुपारी पहिलीतली एक पोरगी जीपच्या धक्क्यानं पडली. कोपर सोलवटलं, कपाळाला खोक पडली, तेवढ्यावर निभावलं. पण तिच्या मागोमाग पाऊल उचललेली पोरगी माझी होती.

मग उपाय सुरू झाले. ‘पुढे शाळा आहे, सावकाश जा’ अशी पाटी लागली. ट्रकवाल्यानं ती वाचेपर्यंत शाळा मागं पडलेली असायची. हेडमास्तरांनी शिपायाला लाल फडकं देऊन उभं केलं, तर लोकांना वाटलं रस्त्याचं काम निघालंय. शेवटी एक पोलीस आला. भला माणूस होता बिचारा. पण साहेबाची गाडी दिसली की एका हातानं सलाम ठोकायचा आणि दुसऱ्या हातानं पोरांनाच मागं सारायचा.

गाड्या थांबवायच्या कशा, यावर सगळ्यांची डोकी चालत होती. मला मात्र भलताच किडा चावला. आमच्या पोरांची घरं सगळी शाळेच्याच बाजूला. पलीकडं नुसती आडत दुकानं. मग ही कार्टी पलीकडं जातात तरी कशाला? आणि सकाळी नाही, शाळा सुटल्यावर नाही, नेमकं मधल्या सुट्टीतच का?

लेकीला विचारलं. ती म्हणाली, “पाणी प्यायला.”

“का? शाळेतला हापसा काय मेला?”

“त्याचं पाणी खारं लागतंय. तिकडं आप्पा गोड पाणी देतेत. वरून गूळ पण देतेत.”

दुसऱ्या दिवशी मी पोरांच्या मागं मागं गेले. आप्पा म्हणजे गुळाचे जुने व्यापारी. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, दुकान लेकांच्या हाती दिलेलं. दुकानामागच्या आडाला अजून पाणी होतं, म्हणून त्यांनी दारात पाणपोई घातली होती आणि स्वतः रांजणाजवळ बसायचे. नुसतं पाणी कुणाला देऊ नये म्हणून आधी तळहातावर गुळाचा खडा ठेवायचे. मग काय, तहान नसलेली पोरंही धावायची. अगं बाई! सगळा घोटाळा त्या गुळाच्या खड्यात! मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. कारण हे त्या माणसाला सांगायचं कुणी?

हेडमास्तर म्हणाले, “बाई, नाहक चांगल्या कामात खोडा घालू नका.” म्हणजे तेही सांगणार नव्हते.

शाळा सुटल्यावर लेकीचा हात धरून मीच गेले. म्हटलं, “आप्पा, राग मानू नका. पण शाळेच्या पोरांना चार दिवस पाणी देऊ नका. परत पाठवा. आपोआप यायची बंद होतील.”

आता हे आवाज चढवतील असं मला वाटलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

“बाई, मागल्या उन्हाळ्यात घरची दवाखान्यात व्हती. आपरेशन हाय, पाणी देऊ नका म्हणून डॉक्टरनं बजावलं. ती म्हणायची, घोटभर द्या. लई इनवण्या केल्या तिनं. मी न्हाई म्हणलो. मग तिला आत नेलं, ती काय परत आली न्हाई.” रांजणावर झाकण ठेवत म्हणाले, “एकदा न्हाई म्हणलोय, बाई. आता कुनाला म्हणनं व्हत न्हाई.”

माझे डोळे भरून आले, भर बाजारात, लोकांसमोर. पण मुठीत लेकीचा हात होता, तो कसा विसरू? म्हटलं, “आप्पा, मला ही एकच हाय. उद्या ही गाडीखाली आली तर?”

ते तिच्याकडं बघत राहिले. मग तिच्या हातावर गूळ ठेवला, पाणी दिलं, आणि ती लबाड घटाघटा प्यायली. मी तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीला पोरांच्या आधी मी फाटकात जाऊन उभी राहिले. पलीकडं आप्पा खांद्यावर तांब्याची घागर घेऊन उभे! गुडघ्यानं अधू माणूस, हातात गुळाची पिशवी, आणि पाऊल सरळ रस्त्यावर टाकलेलं. देवा रे! एक ट्रक भरधाव आला आणि करकचून थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, “आप्पा, कुठं चाललाव?” रोज त्यांच्या हातचं पाणी पिणारा तो. मागं जीप थांबली, टँकर थांबला. पोलीस धावत घागर घ्यायला गेला. आप्पांनी त्याच्या हातात पिशवी दिली, घागर दिली नाही.

“पोरं येऊ नयेत ना? मंग मी येत जातो,” फाटकात येऊन ते मला म्हणाले.

पोरं भोवती गोळा झाली. माझ्या लेकीनं सगळ्यांच्या पुढं घुसून ओंजळ धरली. त्यांनी ओतलं, ती प्यायली.

“अजून?”

“अजून.”

ते ओतत राहिले. शिपाई घंटा द्यायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, थांब जरा, पिऊ दे पोटभर.