डेलबर्टच्या खड्याचा आवाज

डेलबर्ट,

तुला फोन करून उपयोग नाही. मी विचारते गुडघा कसा आहे, तू सांगतोस कोंबड्या अंडी बरी देतायत. म्हणून कागद घेतलाय. त्या शनिवारी शेडमध्ये कोण काय बोललं ते तू मला कितीदा तरी विचारलंस, मी प्रत्येक वेळी घसा फोडून सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तू मान डोलावून भलतंच काहीतरी समजलास. आता वाच. तुझ्या नातीला, जोलीनला, हे जपून ठेवायचंय म्हणे, तेव्हा तुला ठाऊक असलेलंही थोडं लिहावं लागतंय. कंटाळलास तर पुढे उडी मार.

तर जोलीनसाठी: तुझे आजोबा सॉरेल बार गावच्या शाळेची बस चालवायचे आणि मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचे कान मी शिकवलेल्या पोरांनीच नासवले, त्यामुळे मला तक्रार करायला तोंड नाही. उरलेसुरले कान त्यांनी स्वतः नासवले, जमिनीतला धातू शोधायच्या डिटेक्टरचे हेडफोन पूर्ण आवाजात लावून. त्यांच्या डिटेक्टरची टिवटिव इतकी मोठी असते की नदीच्या पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात. (डेलबर्ट, नाकारू नकोस. मी बगळ्यांना विचारलंय.)

आता तू. तुझ्याइतका चिवट माणूस या नदीने पाहिला नसेल. इतर लोक उन्हाळ्यात येतात, चड्डीवर पाण्यात बसतात, बिअर पितात आणि त्याला सोनं शोधणं म्हणतात. तू हिवाळ्याचा माणूस. वादळ आलं, नदी गढूळ होऊन झाडं घेऊन गेली, की तू खिडकीशी बसून पाणी उतरायची वाट बघणार, आणि उतरलं रे उतरलं की रबरी बूट चढवून काठावर. पुराने वरच्या कातळांवर ठेवून दिलेलं शेवाळ खरवडायचं, बादलीत पिळायचं, परातीत घोळवायचं. पीठ निघतं, पीठ. इतकं बारीक सोनं की शिंकलास तर गेलं. इतकी वर्षं तू ते पीठ बाटलीत भरतोयस आणि बाटली अजून माझ्या करंगळीएवढी.

पण तुला पीठ नको होतं. तुला खडा हवा होता.

आपल्या सोनं शोधणाऱ्यांच्या मंडळात खडा कशाला म्हणायचं हे डोळ्यांवर सोडलेलं नाही. शेडमध्ये खिळ्याला ती जुनी पोलादी परात टांगलेली आहे. ज्याला सापडलं त्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. ग्लेंडा प्रूइट, म्हणजे आपली अध्यक्षीण, मागे परात धरणार आणि मनात येईल तेव्हा ते आत टाकणार. पडल्याचा आवाज ऐकून त्याने हात वर केला तर तो खडा. तीन संधी. नाही ऐकू आलं तर ती नुसती चमचम, घरी ने आणि बायकोला दाखव. नियम करणारा म्हातारा म्हणायचा, सोनं समोर असलं की माणसाचे डोळे खोटं बोलतात, कान बोलत नाहीत. ज्याचा हात वर झाला त्याचा पत्र्याचा मग पुढच्या भिंतीवर चढतो. बाकीच्यांचे मग मागे, केरसुणीशेजारच्या खोक्यात.

तुझा मग खोक्यात होता. तुझ्यानंतर आलेल्या पोरासोरांचे भिंतीवर चढले, तुझा खोक्यातच. आणि वेस पेनरोजचा मग बरोबर मध्यभागी, वर घासूनपुसून चकचकीत. दर सभेला तो तुझ्या हातात खोक्यातला मग देताना म्हणायचा, "घे डेलबर्ट, याला उंचीची भीती वाटते." तू हसायचास. तुला ते ऐकू यायचं तेव्हा.

मग नोव्हेंबरात कानाच्या डॉक्टरने सांगितलं की उजवा कान संपला आणि डावा संपायला आलाय. नवं मशीन बसवलं तर थोडंफार निभेल, लवकर या. तू गाडीत बसलास आणि काच पुसत बसलास. मग म्हणालास, "मास्तरीणबाई, या हिवाळ्यात खडा सापडला नाही, तर नंतर सापडूनही काय उपयोग? हात कधी वर करायचा हे मला कळणारच नाही." मी म्हटलं, रडगाणं नको, मशीनची वेळ घे. घेतलीस. जानेवारीतला मंगळवार.

त्या मंगळवारी मी तुला न्यायला आले तेव्हा डिटेक्टर आधीच माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर कंबरेचा पट्टा लावून बसला होता. मी विचारलं, याचेही कान तपासायचेत का. तू ऐकलं नाहीस, किंवा ऐकलं. पुलापाशी आलो तर नदी उतरलेली. दोन दिवसांपूर्वी कातळाच्या वरून वाहत होती, आता सगळे कातळ ओले, काळे, नुकत्याच अंघोळ घातलेल्या म्हशींसारखे बसलेले. तू म्हणालास, "पाच मिनिटं." मी एवढी शिकलेली बाई, मी गाडी वळवली.

थंडी अशी की नाक आहे की नाही ते हाताने बघावं लागत होतं. तू जाड हातमोजे चढवलेस. हेडफोनचा डावा कप कानावर न लावता जबड्याच्या हाडावर दाबलास. मी विचारलं हे काय नवीन, तर म्हणालास, कानापेक्षा हाडाला बरं कळतं हल्ली. हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. जोलीन, हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे दोन खिशांची शिस्त आहे. उजवा खिसा सोन्याचा, डावा कचऱ्याचा. जमिनीतून जे निघेल ते परत गाडायचं नाही: खिळे, काडतुसं, मासेमाऱ्यांची शिशाची वजनं, सगळं डाव्या खिशात, आणि निघताना वाटेवरच्या पिंपात. तुझा डावा खिसा पाच मिनिटांत भरला. (त्या पाच मिनिटांत मी मांस-बटाटा भरलेली एक अख्खी पेस्टी खाल्ली, दुसरी निम्मी खाल्ली आणि डॉक्टरची वेळ टळताना पाहिली.) एका फटीतून तू एक राखाडी-पांढरं काहीतरी उकरून काढलंस, हातमोज्याच्या बोटांत फिरवलंस, म्हणालास "शिसं", आणि डाव्या खिशात घातलंस.

तू. जो प्रत्येक नव्या सभासदाला उभा करून व्याख्यान देतोस, की जुन्या खाणवाल्यांनी या नदीत पिंपांनी पारा ओतलाय, पारा सोन्याला चिकटतो, तेव्हा पांढरं दिसलं म्हणून फेकू नका. तोच तू.

वाटेवरच्या पिंपाशी येऊन तू खिसा उलटा केलास. छर्रे पडले, टिकटिक टिकटिक. खिळे पडले, खणखण. आणि मग एक आवाज झाला: ठप्प. दुकानाच्या गल्ल्यावर कोणीतरी मूठ आपटावी तसा. मी जागीच थांबले. तू गाडीकडे चालत होतास, मजेत, डिटेक्टर खांद्यावर. ज्या आवाजासाठी तू आयुष्यभर शेवाळ पिळलंस तो तुझ्या पाठीमागे दोन हातांवर झाला, आणि तू माझ्याकडे वळून विचारलंस, पेस्टी उरलीय का.

मी हाका मारल्या. काय उपयोग. मग मी पिंप आडवं केलं आणि आत शिरले. तू वळून बघितलंस तेव्हा माझे फक्त बूट बाहेर होते. पुढे तू गावभर सांगितलंस की मास्तरीणबाई पेस्टीसाठी कचऱ्यात गेली. तो खडा माझ्या तळहातावर होता, घेवड्याच्या दाण्याएवढा, आणि त्या आकाराला न शोभणारा जड. मी तुझा चाकू घेतला, कडेला जरासं खरवडलं. खालून पिवळा.

तू खाली बसलास. ओल्या चिखलात, चांगली पँट घालून, डॉक्टरकडे जायची. आणि आपण दोघं असे हसत सुटलो की पुलावरून जाणारा ट्रकवाला थांबला, मदत हवी का विचारायला.

डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो माझ्या घरी. पारा लागलेल्या वस्तूला मी कोणाला हात लावू देत नाही, आणि तू तर तो खडा गालाशी घासायच्या बेतात होतास. अंगणात, वारा पाठीला घेऊन, कोंबड्या कोंडून, मी तो आम्लात धुतला. पारा विरघळलेलं आम्ल बरणीत बंद करून घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला. खडा स्वच्छ झाला तेव्हा तू टोपी काढलीस.

आता शनिवार. हे नीट वाच, कारण यातलं निम्मं तुला ठाऊक नाही.

शेड गच्च भरली होती. शेगडी पेटलेली, चिलीचं, म्हणजे राजमा-मांसाच्या तिखट रश्श्याचं, पातेलं वर, मक्याचा पाव कापून ठेवलेला. तुला वाटलं सगळे खड्याचं कौतुक करतायत. नाही. ते भांडत होते. अर्धे म्हणत होते डेलबर्टला सूट द्या, त्याला बिचाऱ्याला ऐकू येत नाही, त्याचा मग भिंतीवर लावून टाका. वेस म्हणाला सूट नको. मी त्याच्याकडे असं बघितलं की चिली गार व्हावी. तो म्हणाला, "सूट देऊन लावलेला मग तो स्वतःच रात्रीतून उतरवून ठेवील. तुम्ही ओळखत नाही त्याला?" आणि ते खरं होतं.

तू भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास. ग्लेंडाने खडा टाकला. ठण्ण. असा सुरेख, भरघोस आवाज, की मागचा कुत्रा उठला. सगळ्यांनी ऐकला. तुझा हात खालीच. ग्लेंडाने तुझ्या खांद्याला हात लावून एक बोट दाखवलं: एक गेली.

दुसऱ्या वेळी तुझा हात वर गेला, पण ग्लेंडाने अजून खडा सोडलाच नव्हता. तू अजून स्वतःला शिव्या घालतोस की घाई केली, अंदाज मारला. डेलबर्ट, तू अंदाज मारला नाहीस. वेसने जमिनीच्या फळीवर बूट आपटला. तुला पायातून कळावं म्हणून. त्या मूर्खाला वाटलं ग्लेंडा टाकतेय, आणि ती नुसती नाक खाजवत होती. वेसचं तोंड त्यानंतर असं झालं, जणू त्याचाच मग कोणी काढून घेतलाय. हे त्याला सांगू नकोस. किंवा सांग, मला काय.

तिसरी. तू मागे वळलास, ग्लेंडाच्या हातून परात घेतलीस, पुन्हा भिंतीकडे तोंड केलंस, आणि परातीची कड दातांत धरलीस.

मला जबड्यावर दाबलेला हेडफोन आठवला, आणि मी आधी कशी नाही समजले याचा राग आला. मागून कोणीतरी म्हणालं हे नियमात बसतं का. ग्लेंडा म्हणाली, "नियमात पाठ फिरवून उभं राहा एवढंच लिहिलंय. दातांबद्दल काही लिहिलेलं नाही. डोळे मीट, डेलबर्ट." तू ऐकलं नाहीस, म्हणून तिने स्वतःचा रुमाल तुझ्या डोळ्यांवर बांधला. मग तुझ्या खांद्यावरून हात पुढे नेला आणि थांबली. कितीतरी वेळ थांबली, बाई आहे की छळवादी. आणि सोडला.

तू एक नाही, दोन्ही हात वर केलेस. आणि तोंड उघडलंस.

परात खाली. खडा परातीतून टुणकन उडाला, शेगडीच्या पायावर आपटला आणि फळ्यांच्या फटीत गेला.

दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी आता फळी उचकटली असती. आपल्या लोकांनी खिशांतून हत्यारं काढली. आकडे, ब्रश, फटीतलं सोनं ओढून घ्यायचे रबरी फुगे, चिमटे. सगळी शेड गुडघ्यांवर. अध्यक्षीणबाई सगळ्यांत पुढे, स्कर्ट खोचून. ती फट त्यांनी अशी साफ केली जशी नदीतली एखादी मिजासखोर भेग करतात, तळापर्यंत. खडा लगेच मिळाला. पण कोणी थांबेना, कारण फटीतून काळी वाळू निघाली होती, आणि वाळूत पीठ होतं. इतक्या वर्षांत सगळ्यांच्या पँटच्या दुमडींतून झडलेलं. मग कोणाच्या पँटचं यावर जी जुंपली ती तू पाहिलीस, पण ऐकली नाहीस, आणि ते बरंच झालं. त्यातल्या काही शब्दांसाठी मी वर्गात पोरांना बाकावर उभं केलंय. वेस ओरडत होता की शेगडीजवळची जागा त्याची, म्हणून पीठही त्याचं. तू मधोमध उभा, डोळ्यांवर अजून रुमाल, हात अजून वर, कारण हात खाली घे असं कोणी तुला सांगितलंच नव्हतं.

मी रुमाल सोडला. विचारलं, ओठ नीट हलवून, कसा होता आवाज. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलशील. तू म्हणालास, "दात हलला." आणि तोंडात बोट घालून मला दाखवलास.

शेवटी वेसने तुझा मग भिंतीवर चढवला. सूट न देता. त्याने स्वतःच्या मगाला बाजूला सरकवून मध्ये खिळा ठोकला, आणि उंचीबद्दल काय म्हणाला ते तू ओठांवरून वाचलंस असं मला वाटतं, कारण तू त्याला चिलीचा डाव मारायला धावलास.

एवढंच. बाकी तुला माहीत आहे. आता कानाच्या डॉक्टरचं. त्याच्याकडून फेब्रुवारीची नवी वेळ मिळाली, तेव्हा मी तुला घ्यायला आले, आणि पुलापाशी तू फक्त नदीकडे बघितलंस, तरी गाडी कशी कोण जाणे खाली वळली. पुढच्या वेळीही तेच. काल त्यांच्याकडच्या मुलीचा फोन आला, आजोबा येणार आहेत की नाही, मशीन किती दिवस राखून ठेवायचं. आणि आता दातवालाही आहेच. मी तिला सांगितलं, गुरुवारी नक्की. आज दिवसभर वरच्या डोंगरावर पाऊस पडतोय.