मांडीवरचं सूप

अम्मानं मला कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही. हे वाक्य मी एम.ए.ला असताना स्वतःच्या हातानं लिहून दिलं आणि तिथंच फसले.

मानसशास्त्राच्या सरांनी सांगितलं होतं, आपली सगळ्यात जुनी आठवण लिहा आणि ती उकलून दाखवा. आमचं घर सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीतलं, तेलुगू बोलणारं. वडील यंत्रमागावर, अम्मा घरी विड्या वळायची. तिच्या मांडीवर दिवसभर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. मी तिच्या मागे बसायची, पाठीला पाठ लावून. तिचे हात चालले की पाठ हलायची आणि तिच्याबरोबर मीही. बाराखडी मी अशीच हलत हलत पाठ केली. एवढंच मी लिहिलं होतं.

सरांना घबाड सापडलं. आपल्याला न दिसणारा मनाचा एक भाग असतो, लहानपणी गिळलेलं दुःख तिथं जाऊन बसतं, हे ते फार छान शिकवायचे. त्यासाठी मी आजही त्यांना मानते. पण माझी वही हातात धरून ते म्हणाले, "तुम्हाला आईनं नाकारलंय. तिचा राग तुम्ही दाबून ठेवलाय. तो लिहा, मग सही करतो."

"सर, मला अम्माचा राग नाहीये."

"बघा! जितकं जोरात नाही म्हणाल, तितकं ते खरं."

आता यावर काय बोलणार? हो म्हटलं तर त्यांचं खरं, नाही म्हटलं तर त्याहून खरं. छापाही त्यांचा, काटाही त्यांचाच. सहीशिवाय पदवी नव्हती आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मैत्रीण म्हणाली, "लिही की दोन ओळी. तुझ्या अम्माला कुठं वाचायला येतंय?" माझं डोकंच फिरलं. वाचता येत नाही म्हणून तिच्यावर काहीही लिहायचं?

तरी किडा डोक्यात शिरलाच होता. त्या दुपारी मी अम्माला सरांचं म्हणणं सांगितलं. तिनं हातातली विडी सुपात टाकली आणि तेलुगू सोडून मराठीवर आली. चिडली की ती मराठीत यायची.

"मांडीवर तंबाकू हाय की! जवळ आलीस की शिंकून शिंकून बेजार व्हायचीस. म्हणून मागं बसवत होते. गल्लीतल्या समद्या बाया भिंतीला टेकून बसतात. मी कदी टेकले व्हय? तुला मागं जागा पायजे म्हणून खोलीच्या मदी बसले. कंबर गेली माजी. जा, तुज्या सरांना इचार, त्यांच्या आईच्या मांडीवर काय होतं!"

मी भिंतीकडे बघितलं. गल्लीतल्या घराघरात भिंतीला बायकांच्या डोक्याचे तेलकट डाग होते. आमची भिंत कोरी होती.

मी एक ओळही बदलली नाही. उलट एक पान वाढवलं. घाबरले की मी पाठ टेकायला जागा शोधते, परीक्षेत शेवटचा बाक धरते, हे त्यात लिहिलं. मनाला तळघर आहे, सर, पण माझ्या तळघरात तुमच्या घरचं सामान आणून ठेवू नका, हेही लिहिलं.

सरांनी भर वर्गात विचारलं, "म्हणजे अजून नाकारताय?"

"हो, सर. आणि तुमच्या आईच्या मांडीवर काय होतं?"

सरांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. सही केली आणि मला काठावर पास केलं. ते गुण मी अजून मिरवते.

आता मी शहराच्या जुळे सोलापूर भागात राहते, लोकांची मनं ऐकणं हाच माझा व्यवसाय. समोरचा नाही म्हणाला की मी आधी त्याचं नाही ऐकून घेते. अम्मानं तंबाखूला हात लावून कितीतरी वर्षं झाली. परवा ती सोफ्यावर बसली होती. न चिडताच मराठीत म्हणाली, "ये, आता मांडी मोकळी हाय."

केस पिकायला लागलेली मी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाले. धुतलेल्या पातळाला साबणाचा वास होता, दुसरा कसलाही नाही.

आणि मला शिंका सुरू झाल्या. एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बघ," अम्मा म्हणाली, "सांगितलं नव्हतं?"